उन्हाळी, वही आणि आईची ट्यूब

वहीच्या पहिल्या पानावर 9 ऑगस्ट 2022 ही तारीख आहे आणि खाली एकच शब्द: ‘परत’.

त्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते. जीवा काढली, केंद्रातून लंब टाकला आणि ओटीपोटात ती ओळखीची कळ आली. एरवी मी शाळेत लघवीला जातच नसे, पण त्या सकाळी वर्गावर येण्याआधी दोनदा जाऊन आले होते. तास संपायला पंचवीस मिनिटं होती. उरलेली सिद्धता टेबलाची कड धरून पूर्ण केली. घंटा झाल्यावर धावत गेले तर चार थेंब, तेही निखाऱ्यासारखे. अकरा महिन्यांतली ही चौथी खेप.

माझी आजी याला ‘उन्हाळी लागली’ म्हणायची. लघवी करताना जी आग होते तिला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. आपण आता ‘युरीन इन्फेक्शन’ म्हणतो, आणि तेही आवाज खाली आणून. हे सगळं लिहायचं कारण तो खाली आणलेला आवाजच आहे. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. ज्यांना एकदा होतो त्यांच्यातल्या चौघींपैकी एकीला सहा महिन्यांच्या आत पुन्हा होतो. म्हणजे माझ्या शिक्षकखोलीत बसलेल्या बाराजणींपैकी सहाजणींना तरी हे माहीत असणार. तरीही वीस वर्षांच्या नोकरीत याबद्दल एकीनेही तोंड उघडलं नव्हतं, आणि मीही नाही.

ज्या दवाखान्यात मी आधी जात होते तिथे दर वेळी एकच वाक्य ऐकायला मिळायचं: “स्वच्छता पाळत जा.” गोळ्यांची चिठ्ठी हातात आणि हे वाक्य कानात घेऊन मी घरी यायचे. ते मनात इतकं खोल गेलं की मी दिवसातून चार-चार वेळा धुवायला लागले, तेही सुगंधी वॉशने. शाळेतलं स्वच्छतागृह नकोच म्हणून सकाळी घरून निघाले की परत येईपर्यंत लघवी दाबून ठेवायचे. जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचे नाही. मी स्वच्छता पाळत होते आणि आजार वाढत होता.

पाचव्या खेपेनंतर ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “सकाळी सात ते दुपारी दोन, किती वेळा लघवीला जाता?”

मी म्हटलं, “एकदाही नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पुढची वीस मिनिटं त्या फक्त विचारत होत्या. पाणी किती, पोट साफ होतं का, पाळी नियमित आहे का, गर्भनिरोधक काय वापरता, संबंधांनंतर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो का, घरात मधुमेह कुणाला, आजवर कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, पूर्ण घेतल्या का. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या लघवीबद्दल कुणीतरी माझ्या अख्ख्या दिवसाची चौकशी केली. ‘समग्र उपचार’ हा शब्द मी बऱ्याच ठिकाणी वाचला होता. त्याचा अर्थ गोळ्यांऐवजी काहीतरी दुसरं, असाच मी धरून चालले होते. तो अर्थ त्या वीस मिनिटांत बदलला.

त्यांनी मला तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: किती प्यायले, कधी गेले, किती झाली. त्यासाठी मी मापाच्या रेषा असलेला प्लास्टिकचा मग आणला आणि बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला. पहिल्या दिवशी दुपारी 2.20 ला त्यात 620 मिली भरलं. मूत्राशय साधारण 300 ते 500 मिलीला ‘आता जा’ म्हणतं. माझं रोज केव्हाच तसं म्हणून झालेलं असायचं, मी ऐकत नव्हते इतकंच. दिवसभरात प्यायलेलं पाणी, चहा, सगळं मिळून 900 मिली.

गणित शिकवते म्हणून असेल, पण मला जे पटलं ते एका आकडेमोडीने. या संसर्गांपैकी दहातले सुमारे आठ ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाचा 20 च्या आसपास. आपल्याकडे त्याला आतड्याच्या दाराशी निघून मूत्राशयात पोचायला फार चालावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत तो दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. सकाळी सात ते दुपारी दोन म्हणजे सात तास, 21 वेळा दुप्पट. 2 चा एकविसावा घात: 20,97,152. एका जिवाणूपासून. शरीरात वेग इतका नसतो, पण वहीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहिला आणि त्याकडे बघत बसले. लघवी हे त्यांना दर दोन-तीन तासांनी बाहेर लोटणारं पाणी आहे, आणि मी रोज सात तास तो दरवाजा बंद ठेवत होते.

मग पाण्याचं. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला इतका गुळगुळीत झालाय की तो कानावरून जातो. पण त्यामागे खरोखरीचा पुरावा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या 140 बायकांचे दोन गट केले होते. एका गटाने रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायचं, दुसऱ्याने नेहमीप्रमाणेच राहायचं. वर्षभरात जास्त पिणाऱ्या गटात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात 3.2 वेळा. जवळजवळ निम्मा फरक, तोही नुसत्या पाण्याने. आधीच पुरेसं पाणी पिणाऱ्या बाईला आणखी प्यायल्याने असाच फायदा होईल असं यातून निघत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं.

मी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या ठरवल्या. एक पहिल्या तासाआधी, दुसरी मधल्या सुट्टीपर्यंत, तिसरी दुपारी. खरी अडचण पाण्याची नव्हती, जाण्याची होती. मुख्याध्यापकांकडे जाऊन मी सांगितलं की दुसऱ्या आणि चौथ्या तासानंतर मला पाच मिनिटं लागतील. कारण विचारलं, तेव्हा कारण सांगितलं. नंतर दोन सहकारी बायका वेगवेगळ्या वेळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं बोललीस.”

जाणं जितकं महत्त्वाचं तितकंच पूर्ण रिकामं होणं. कमोडला अंग लागू नये म्हणून मी नेहमी अर्धवट उभं राहून, मांड्या ताणून उरकायचे. तशा अवस्थेत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत, धार मंदावते आणि थोडी लघवी आत राहते. आता सीट पुसते, नीट टेकून बसते, तळपाय जमिनीला लावते, जोर करत नाही. झालं असं वाटलं की किंचित पुढे झुकून अर्धा मिनिट थांबते. बहुतेक वेळा आणखी थोडी होते. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, म्हणून त्यावरही उपचार घेतले. वर्षानुवर्षं दाबून धरायची सवय असलेल्या बाईला ते स्नायू सैल सोडणं पुन्हा शिकावं लागतं. मला एका फिजिओथेरपिस्टने चार बैठकांत ते शिकवलं. श्वास पोटात घ्यायचा आणि सोडताना खालचा भाग सोडून द्यायचा, एवढंच. पण ते जमायला मला तीन आठवडे लागले.

संबंधांचा विषय टाळून पुढे जाणार नाही, कारण तरुण आणि मध्यमवयीन बायकांमध्ये तेच सगळ्यात मोठं कारण असतं. हा लैंगिक आजार नाही, नवऱ्याकडून लागलेला नसतो, त्याच्या किंवा तुमच्या अस्वच्छतेतून आलेला नसतो. घर्षणाने बाहेरचे जिवाणू मूत्रमार्गात ढकलले जातात, इतकी साधी यांत्रिक गोष्ट आहे. शुक्राणूनाशक जेल किंवा ते लावलेले कंडोम वापरत असाल तर ते आधी बदला. योनीतले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, त्याने मरतात, आणि तेच तिथली आम्लता टिकवून ई. कोलायला थारा देत नाहीत. आम्ही ते बदललं. माझ्या वहीत नऊ महिने ज्या नोंदी संबंधांनंतरच्या दोन दिवसांत येत होत्या त्या त्यानंतर दोनच आल्या. संबंधांनंतर लघवीला जाऊन यायचं, हा सल्ला सगळे देतात. त्याचा पक्का पुरावा नाही, पण त्याने बिघडतही काही नाही, म्हणून मी जाते. ज्यांना दर वेळी त्यानंतरच त्रास होतो त्यांच्यासाठी डॉक्टर संबंधांनंतर एकच गोळी घ्यायची सोय करून देऊ शकतात. मागायला लाजू नका.

आणि ती ‘स्वच्छता’. पुसण्याची दिशा, अंतर्वस्त्रांचा प्रकार, अंघोळीची पद्धत, या सगळ्यांचा तरुण बायकांच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाशी ठोस संबंध काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत सापडलेला नाही. पुढून मागे पुसावं हे मी माझ्या मुलीलाही शिकवलंय, ते शहाणपणाचंच आहे. पण ज्या बाईला वर्षात चार वेळा उन्हाळी लागते ती अस्वच्छ असते, हे वाक्य खोटं आहे, आणि दवाखान्यात बसून ते म्हणणाऱ्यांनी किती बायकांना गप्प केलं असेल याचा मला आजही राग येतो. सुगंधी वॉश आणि आतून धुणं मात्र बंदच करा. साधं पाणी पुरतं.

आता पूरक गोष्टी. क्रॅनबेरी या आंबट लाल फळाबद्दल मी आधी साशंक होते. 2023 मध्ये वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 50 अभ्यास आणि जवळजवळ 9 हजार लोकांची माहिती एकत्र तपासली. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तिच्यातले घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू देत नाहीत. हा प्रतिबंध झाला. आग सुरू झाल्यावर क्रॅनबेरी काही करत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी आधी विचारावं. डी-मॅनोज या साखरेची पूड मी पाच महिने घेतली होती, तर्क तसाच होता, जिवाणू भिंतीऐवजी साखरेला चिकटावा. मग 2024 मध्ये 598 बायकांवरचा अभ्यास आला: रोज दोन ग्रॅम, सहा महिने. डी-मॅनोज घेणाऱ्यांत 51 टक्के बायकांना पुन्हा संसर्ग झाला, डी-मॅनोज नसलेली, तशीच दिसणारी पूड घेणाऱ्यांत 55.7 टक्के. हा फरक खरा मानावा इतका नाही. मी ती थांबवली. मेथेनामाइन नावाचं एक जुनं औषध आहे, ते आम्ल लघवीत मोडून जिवाणूंना मारणारं द्रव्य तयार करतं आणि अँटिबायोटिक नाही. रोज थोडं अँटिबायोटिक घेण्याला ते पर्याय ठरू शकतं, असं 2022 च्या एका अभ्यासात दिसलं. मला त्याची वेळ आली नाही, पण वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे हे नाव जरूर काढा.

यानंतर मी जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ती माझी चूक आहे. नोव्हेंबर 2022. पाणी, नोंदी, सगळं सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि मला वाटायला लागलं होतं की आता गोळ्यांची गरजच नाही. गुरुवारी जळजळ सुरू झाली. पाणी पीत राहिले. शुक्रवारी लघवी गढूळ. शाळेचे पेपर तपासायचे होते, अंगावर काढलं. शनिवारी रात्री हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, उजव्या बाजूला बरगड्यांखाली पाठीत असा ठणका की कूस बदलता येईना. ताप 103. उलट्या. संसर्ग मूत्रपिंडात चढला होता. तीन दिवस सलाईनमधून औषधं. पहाटे साडेतीनला नर्स तापमान बघत होती आणि माझी मुलगी पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून झोपली होती. ते मी विसरणार नाही.

जर्मनीत 2015 मध्ये 494 बायकांवर अभ्यास झाला होता. निम्म्यांना आधी अँटिबायोटिकऐवजी आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक दिलं. त्यातल्या दोन-तृतीयांश बायका अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या, पण त्यांना त्रास जास्त सोसावा लागला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेल्या बायकाही त्याच गटात जास्त निघाल्या. म्हणजे सौम्य त्रासात डॉक्टरांशी बोलून एक-दोन दिवस थांबण्यात तथ्य आहे. ताप, थंडी, पाठीत किंवा कुशीत दुखणं, उलटी, यातलं काहीही आलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. गरोदर असाल तर पहिल्या जळजळीलाच. मधुमेह असेल तरीही. लघवीतून रक्त जात असेल आणि संसर्ग बरा झाल्यावरही ते दिसत राहिलं तर वेगळी तपासणी करून घ्या.

आणि कल्चर, म्हणजे लघवीतला जिवाणू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी, करून घ्या, पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी. माझे पहिले चारही कोर्स अंदाजाने दिलेले होते. नमुना देण्याची पद्धत मला कुणी सांगितलीच नव्हती. हात धुवायचे, बोटांनी त्वचा बाजूला करायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, डबीची कड कुठे टेकू द्यायची नाही. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. पाचव्या वेळी रिपोर्ट आला तेव्हा औषधांच्या नावांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ अशी अक्षरं होती. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जिवाणूला त्याची सवय झालीय. जे औषध मी तीनदा घेतलं होतं, दोनदा अर्धवट सोडलं होतं आणि एकदा घरात उरलेल्या पाकिटातून स्वतःच्या मनाने घेतलं होतं, त्याच्यापुढे आर होता. साध्या, मूत्राशयापुरत्या संसर्गाला आता नायट्रोफ्युरँटोइनचा पाच दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनची एकच मात्रा पुरते. पण कोणतं औषध आणि किती दिवस, हे ठरवायचं काम त्या कागदाचं आणि डॉक्टरांचं. जळजळ कमी करायला लघवी अल्कधर्मी करणारं सिरप बरोबर घेत असाल तर तेही सांगा, कारण नायट्रोफ्युरँटोइन आम्ल लघवीत जास्त चांगलं काम करतं.

आईचं राहिलं. ती 71 वर्षांची आहे. माझं हे सगळं मार्गी लागत असताना कळलं की वर्षभरात तिला चार वेळा त्रास झालाय आणि तिने कुणाला सांगितलं नाही. “या वयात काय सांगायचं,” म्हणाली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, ते चांगले जिवाणू निघून जातात. त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे. 1993 मध्ये 93 बायकांवर केलेल्या अभ्यासात क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, इस्ट्रोजेन नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना 5.9 वेळा. मी हा आकडा तीनदा वाचला. इतका मोठा फरक या विषयात दुसरीकडे मला दिसला नाही, आणि तो पुढे येऊन तीस वर्षं होत आली तरी माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. गोळीच्या रूपात घेतलेल्या इस्ट्रोजेनने हा फायदा होत नाही, तिथेच लावावं लागतं.

डॉक्टरांनी तिला स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास विचारला, तपासलं आणि क्रीम लिहून दिलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. घरी येऊन आईने ट्यूब कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. पहिल्या रात्री मला आत बोलावून दार लावलं आणि कुजबुजत विचारलं, “हे नक्की कुठे?” मी कागदावर आकृती काढून दाखवली, फळ्यावर काढते तशी, नावं लिहून. सत्तर वर्षांत तिने तो भाग कधी चित्रातही पाहिला नव्हता. ती बराच वेळ कागद हातात धरून बसली होती.

चार महिन्यांनी सहज म्हणून केलेल्या तपासणीत तिच्या लघवीत जिवाणू दिसले. त्रास काहीच नव्हता. मी घाबरले, पण डॉक्टरांनी औषध दिलं नाही. म्हातारपणी लघवीत जिवाणू नुसते असणं हा आजार नव्हे. लक्षणं नसताना गोळ्या दिल्या तर फायदा नसतो, उलट पुढच्या वेळी लागणारं औषध वाया जातं. त्यात अपवाद गरोदरपणाचा आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचा.

माझ्या वहीतली शेवटची नोंद मार्च 2024 ची आहे. तेव्हा लक्षणं दिसताच नमुना दिला, पाच दिवस गोळ्या घेतल्या, सहाव्या दिवशी शाळेत गेले. आईला सव्वा वर्षात एकदाच झालं.

परवा आईचा फोन आला. मागे टीव्ही चालू होता, काकांचा आणि भावाचा आवाज येत होता. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ती माझी ट्यूब संपत आलीय गं. येताना आणशील?”